तुमचं चर्च कुठलं?

अंधेरी पूर्वेला मरोळच्या आसपासची एखादी सोसायटी डोळ्यांसमोर आणा. एकाच मजल्यावर तीन दारांवर क्रूस. रविवारी सकाळी तिन्ही घरं कडक इस्त्रीच्या कपड्यांत एकाच लिफ्टने खाली उतरतात आणि फाटकापाशी तीन दिशांना पांगतात. एक कुटुंब चालत निघतं, दुसरं रिक्षा पकडतं, तिसरं स्टेशनकडे वळतं. शेजारचे जोशी किंवा शाह बुचकळ्यात पडतात. येशू एक, बायबल एक, मग तीन वाटा कशासाठी?

उत्तर गमतीचं आहे. पहिल्या घराचं चर्च त्यांच्या पत्त्यावरून ठरलं, दुसऱ्याचं वडिलांवरून आणि तिसऱ्यांनी ते स्वतः निवडलं. मुंबईच्या उपनगरांतली चर्चं समजून घ्यायची तर या तीन नियमांपासून सुरुवात करावी. चारशे-पाचशे वर्षांचा इतिहास त्यांच्या मागोमाग येतो.

पहिलं घर लॅटिन पद्धतीच्या कॅथलिकांचं, उपनगरांतल्या बहुतेक कॅथलिकांसारखं. त्यांच्यात प्रत्येक चर्चची हद्द पोलीस ठाण्याच्या हद्दीसारखी आखलेली असते. या रस्त्याच्या अलीकडे राहता तर तुम्ही या धर्मग्रामाचे, पलीकडे गेलात की त्या. चकाल्याहून आंबोलीला बिऱ्हाड हलवलं की चर्चही बदलतं. मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, कुठेही ऐका, कोणी अडवत नाही. पण बाळाचा बाप्तिस्मा, लग्नाआधी नावं पुकारणं, दफनविधी हे सगळं साधारणपणे आपापल्या धर्मग्रामात.

या हद्दी आखायला सुरुवात झाली तेव्हा अंधेरी-बोरिवली म्हणजे साष्टी बेटावरची भातखाचरं होती. १५३४च्या तहाने वसई आणि तिच्याबरोबर हा सगळा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. मागोमाग फ्रान्सिस्कन आणि जेझुइट धर्मगुरू आले. वांद्र्याचं सेंट अँड्र्यूज १५७५चं, कुर्ल्याचं होली क्रॉस १५८८चं. इथले कोळी, शेतकरी, कारागीर ख्रिस्ती झाले, पण बोली मराठीच राहिली. आज ज्यांना आपण ईस्ट इंडियन म्हणतो ते हेच लोक. हे नाव मात्र १८८७चं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातलं. गोव्याहून येणाऱ्या कॅथलिकांपेक्षा आपण वेगळे, इथले मूळचे, हे सरकारदरबारी ठसावं म्हणून ते घेतलं गेलं. मराठी बोलणाऱ्या, पश्चिम किनाऱ्यावरच्या माणसांनी ‘ईस्ट इंडियन’ म्हणवून घ्यावं, याचं नवल मला अजून ओसरलेलं नाही.

बोरिवली पश्चिमेच्या मंडपेश्वर लेण्यात हा इतिहास हाताने चाचपता येतो. लेणं मुळात शैव, साधारण दीड हजार वर्षांपूर्वी कोरलेलं. आत शिवलिंग आहे, नृत्य करणारा शिव आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कनांनी त्याचं चर्च केलं आणि वर डोक्यावर मठ बांधला. मराठ्यांनी १७३९ साली वसई जिंकल्यावर तिथे पुन्हा शिवपूजा सुरू झाली. आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालच्या त्या लेण्यात एका भिंतीपाशी थांबा. जुनं शिल्प तासून काढून तिथे मोठा क्रूस कोरलेला आहे. छिन्नीचं काम दोन्ही वेळा नेटकं, मधे सुमारे हजार वर्षं. वर मठाचे उघडे भग्नावशेष, खाली पूजा चालू आणि शेजारीच इमॅक्युलेट कन्सेप्शनचं नांदतं चर्च, भोवतालच्या आय. सी. कॉलनीचं नाव त्याच्यावरूनच पडलं. याला सलोखा म्हणावं की एकमेकांवर चढलेले थर? मला थर म्हणणं जास्त प्रामाणिक वाटतं. सलोखा असलाच तर तो नंतरच्या, शेजारी राहणाऱ्या माणसांचा.

पत्ता बदलला की चर्च बदलतं, हा नियम एकदा आख्ख्या गावाला लागू झाला. कोंडिवट्याला जेझुइटांनी १५७९ साली सेंट जॉन द बाप्टिस्टचं चर्च बांधलं. १८४०च्या सुमारास साथ आली, लोक मरोळला सरकले आणि चर्चही त्यांच्याबरोबर तिकडे गेलं. जुनी वास्तू रानात पडून राहिली. १९७३ साली तिच्याभोवती सीप्झ हे निर्यातक्षेत्र उभं राहिलं. आता निर्यातीचे दागिने आणि संगणकप्रणाली तयार होणाऱ्या, पासशिवाय प्रवेश नसलेल्या आवारात झाडामुळांनी कवटाळलेल्या त्या भिंती उभ्या आहेत. मे महिन्यात एकदा तिथे सणाची मिस्सा होते आणि मरोळची माणसं आपल्या जुन्या गावाला जाऊन येतात.

घाटकोपर-मुलुंडकडे वळलं की काळ बदलतो. मुलुंडचं मोठं चर्च सेंट पायस टेन्थचं. हे पोप संत घोषित झाले १९५४ साली. म्हणजे त्याआधी या नावाचं चर्च असणंच शक्य नव्हतं. कुठल्याही उपनगरात ही युक्ती वापरून पाहा. चर्चच्या संताचं नावही कधी कधी वस्तीचं वय सांगून जातं.

पत्त्याच्या नियमातही एक मोठा घोळ होता. इथल्या चर्चांवर हुकूम कोणाचा, पोर्तुगालच्या राजाचा की थेट रोमचा? हा वाद मुंबईत इतका चिघळला की १७९४पासून दोन्ही बाजूंना वेगवेगळी चर्चं वाटून द्यावी लागली. वांद्र्यात सेंट अँड्र्यूज असताना जवळच १८५३ साली सेंट पीटर्स उभं राहिलं, ते त्यामुळेच. १९२८ साली तडजोड झाली: मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश. भारतीयाचं नावच नाही! पाळीने आलेल्या थॉमस रॉबर्ट्स या इंग्रज जेझुइटाने काय करावं? तो १९४६ साली कारभार व्हॅलेरियन ग्रेशियस यांच्यावर सोपवून बोटीने निघून गेला आणि १९५०मध्ये पद रिकामं केलं. ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले, आणि १९५३ साली भारताचे पहिले कार्डिनल.

आता दुसरं घर. हे केरळचे सिरो-मलबार कॅथलिक. पोप तेच, पण प्रार्थनेची परंपरा रोमची नाही, मेसोपोटेमियाची. त्यांच्या मुख्य उपासनेतली अद्दाई आणि मारी यांच्या नावाची प्रार्थना जगात आजही वापरात असलेल्या सर्वांत जुन्या ख्रिस्ती प्रार्थनांपैकी एक. या घरातलं मूल कुठल्या चर्चचं हे पत्त्यावरून ठरत नाही. आईवडील वेगवेगळ्या पद्धतींचे असले आणि दोघांनी मिळून काही वेगळं ठरवलं नाही, तर ते वडिलांच्या चर्चचं. म्हणून मरोळमध्ये राहूनही हे कुटुंब मुंबईच्या आर्चबिशपच्या हद्दीत मोडत नाही. महाराष्ट्रातल्या अशा लोकांसाठी १९८८ साली वेगळा धर्मप्रांत निघाला. त्याचं ठाणं कल्याण.

आणि इथे माझे तरी डोळे विस्फारतात. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस लिहून गेला आहे की कल्लियाना नावाच्या ठिकाणी एक बिशप असतो आणि त्याची नेमणूक पर्शियातून होते. हे कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, असं अनेक अभ्यासक मानतात. तसं असेल तर मध्य रेल्वेच्या या जंक्शनात पूर्वेकडच्या सिरियन परंपरेचा बिशप चौदाशे वर्षांनी परत आला! पर्शियाशी हा संबंध तसा एकटादुकटा नाही. बोरिवलीच्या कान्हेरीत, बौद्ध लेण्यात, १००९ आणि १०२१ साली येऊन गेलेल्या पारशांनी आपली नावं पहलवी लिपीत कोरून ठेवली आहेत.

मल्याळी शेजारी आहे म्हणजे तो सिरो-मलबारच, असं मात्र धरून चालू नका. १६५३ साली मट्टानचेरीत पोर्तुगीज धर्मसत्तेविरुद्ध शपथ घेतली गेली आणि तिथून फाटे फुटत गेले. ऑर्थोडॉक्स, जेकोबाइट, मार थोमा, १९३० साली पुन्हा पोपकडे आलेले सिरो-मलंकारा. नोकरीसाठी आलेल्या माणसांबरोबर हे सगळे फाटे मुंबईपर्यंत आले.

तिसरं घर प्रोटेस्टंटांचं, आणि इथे निवडीला मोकळं रान. मराठी प्रोटेस्टंटांची कहाणी १८१३ साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांपासून सुरू होते. १९७० साली नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट अगदी शेवटच्या क्षणी बाहेर राहिले. त्यात आता नव्या मंडळ्यांची भर. शाळेचा हॉल, हॉटेलातली खोली, दुकानावरचा माळा, जिथे जागा मिळेल तिथे उपासना. पाळकाचं प्रवचन पटलं तर राहा, नाहीतर पुढच्या रविवारी दुसरीकडे.

कॅथलिकांकडे निवड शिरली ती भाषेच्या दारातून. १९६२ ते १९६५च्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत लॅटिन मिस्सा सगळ्यांना सारखीच अगम्य होती. लोकभाषांना परवानगी मिळाल्यावर इंग्रजी, कोकणी, तमिळ, हिंदी अशा वेगवेगळ्या मिस्सा आल्या. ज्यांच्या पूर्वजांनी मराठीतच ख्रिस्त ओळखला, त्यांना मात्र मराठी मिस्सा आज शोधावी लागते. हे मला खटकतं.

तुम्हाला आत डोकवायचं असेल तर चर्चच्या दाराशी लावलेला फळा आधी वाचा. वेळा आणि भाषा तिथे लिहिलेल्या असतात. सिरियन चर्चमध्ये चपला बाहेर काढा, कॅथलिक चर्चमध्ये मिस्सेतली पवित्र भाकरी घेणाऱ्यांच्या रांगेत उभं न राहता बाकावर बसून राहा. मोबाइल मात्र तिन्हीकडे बंद.