काचेच्या पेटीतला उपाशी मासा

पावसाळ्यात जव्हार तालुक्यातील दाभोसा धबधबा पाहायला भिवंडी, कल्याण, नाशिककडची कुटुंबे येतात. लेंडी नदी तिथे सुमारे तीनशे फूट खाली कोसळते. मोठी माणसे धबधबा पाहतात. मुले मात्र ओढ्याकाठच्या डबक्यात बोटभर मासे शोधतात. "आई, बाटलीत घालून घरी नेऊ या," हा हट्ट ठरलेलाच. बाटलीतला तो मासा बहुधा घर गाठत नाही. वाहत्या पाण्यातला प्राणवायू, दगडावरचे शेवाळ, पाण्यातल्या किड्यांच्या अळ्या असा त्याचा सगळा संसार ओढ्यातच राहिलेला असतो.

मासा पाळायचा तर त्याचे अन्नही घरी आणावे लागते. हा धडा सर्वांत कठोरपणे देणारा मासा शहरात, खाऱ्या पाण्याचे मासे विकणाऱ्या दुकानांत दिसतो. त्याचे नाव मँडरिन.

रंगाचा राजा

मँडरिन जेमतेम अडीच-तीन इंचांचा. निळ्या अंगावर नारिंगी-हिरव्या वळणावळणाच्या रेघा. चीनच्या बादशाही दरबारातील अधिकाऱ्यांच्या भरजरी झग्यावरून त्याला हे नाव पडले. बहुतेक प्राण्यांचा निळा रंग हा केवळ प्रकाशाचा खेळ असतो. मँडरिनच्या कातडीत मात्र खरोखरच्या निळ्या रंगद्रव्याच्या पेशी आहेत. असे प्राणी जगात फारच थोडे. त्याच्या अंगावर खवले नाहीत. अंगाला कडवट, उग्र वासाचा बुळबुळीत लेप असतो, त्यामुळे मोठे मासे त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत.

त्याचे घर पश्चिम प्रशांत महासागरात. जपानच्या दक्षिणेकडील बेटांपासून फिलिपाईन्स, इंडोनेशिया ते ऑस्ट्रेलियापर्यंतच्या प्रवाळांत तो राहतो. आपल्याकडे येतो तो पिशवीत बंद होऊन, विमानाने.

खातो तरी काय?

आपल्या वडीलधाऱ्यांना नारू आठवत असेल. पायऱ्यांच्या विहिरीतील पाण्यात सायक्लॉप्स नावाचा अगदी बारीक जीव असे. तो पाण्यावाटे पोटात गेला की नारू होई. म्हणूनच आरोग्य कर्मचारी पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्यायला सांगत. भारतातील नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला.

त्या सायक्लॉप्सचे समुद्रातले भाऊबंद हे मँडरिनचे मुख्य अन्न. या जीवांना कोपेपॉड म्हणतात. ते दगडांच्या फटीत, शेवाळात राहतात. मँडरिन सकाळपासून संध्याकाळपर्यंत दगडावरून सरकत एकेक जीव टिपत राहतो. दुकानातले कोरडे दाणे त्याच्यासमोर टाकले तर बहुतेक वेळा तो त्यांच्याकडे पाहतही नाही. हलत नाही ते त्याच्या लेखी अन्नच नाही. शिवाय तो संथ. त्याने विचार करेपर्यंत टाकीतले चपळ मासे सगळे फस्त करतात.

मग तो एका दिवसात मरत नाही. आठवडे जातात. पोट आत जाते, डोक्यामागची पाठ सुरीच्या पात्यासारखी होते, रंग मात्र बराच काळ तसाच झळकत राहतो. पाहणाऱ्याला वाटते, मासा मजेत आहे!

त्याला जगवायचे तर

निदान दोन-अडीचशे लिटरची टाकी हवी. ती दगड आणि पाण्यासह वर्षभर मुरलेली असावी, म्हणजे कोपेपॉड आपोआप वाढतात. बाजूला शेवाळाचा वेगळा कप्पा ठेवला तर हे जीव तिथे निर्धास्त वाढून टाकीत उतरत राहतात. त्याच अन्नावर टपलेले दुसरे मासे टाकीत नकोत. दोन नर एकत्र ठेवू नयेत, ते भांडतात. नराच्या पाठीवरच्या पराचा पहिला काटा लांब असतो, ही त्याची ओळख. हल्ली टाकीतच जन्मलेले मँडरिनही मिळतात. त्यांना गोठवलेले अन्न खायची सवय लावलेली असू शकते. विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला सांगावे, "आमच्यासमोर खायला घाला." खात नसेल तर घेऊ नये.

समुद्रातून काढलेले प्रवाळ टाकीत ठेवू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ पासून प्रवाळांना वाघाइतकेच संरक्षण दिले आहे. त्याऐवजी भाजलेल्या मातीचे दगड चालतात. यावर पंप, दिवे, मीठ यांचा खर्च वेगळाच. वीज गेली की पंप बंद, आणि टाकीतल्या जिवांचा श्वास कोंडू लागतो. आपल्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीला हे झेपेल का, याचा हिशेब आधी मांडावा.

शील आणि शौक

पंचशीलातले पहिले शील आपण रोज म्हणतो. प्राण्याला मारणे म्हणजे केवळ सुरी चालवणे असे नाही. काचेत कोंडून, समोर न खाता येणारे अन्न ठेवून त्याला झिजवणे हीदेखील हिंसाच. करुणा माणसांपुरती, मैत्री मात्र सर्व प्राणिमात्रांसाठी, असा भेद बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात समजावला आहे. उपासकाने टाळायचे पाच व्यापार बुद्धांनी सांगितले, त्यांत जिवंत प्राण्यांचा व्यापारही आहे. दया येऊन दुकानातला वाळलेला मँडरिन सोडवून आणू नये. तो विकला गेला की दुकानदार दुसरा मागवतो.

मुलांना मासे हवेत, तर गप्पी आणावेत. हे मासे डासांच्या अळ्या खातात, म्हणून आरोग्य खाते हिवतापाविरुद्ध ते विहिरी-डबक्यांत सोडत आले आहे. रुंद तोंडाचे भांडे, एक दिवस शिळे केलेले नळाचे पाणी, दिवसातून एकदा चिमूटभर दाणे, आठवड्याला पाव भाग पाणी बदलणे, एवढ्यावर ते जगतात आणि पिल्लेही देतात. पिल्ले जास्त झाली तर शेजाऱ्यांना द्यावीत. नदी-ओढ्यात सोडू नयेत, कारण गप्पी परदेशी आहेत आणि इथल्या माशांचा घास खातात.

दाणे घालायचे काम मुलांकडेच सोपवावे. आपल्यावर अवलंबून असलेल्या जिवाला रोज वेळेवर खायला घालणे, ही मैत्रीची पहिली शिकवण घरातच मिळते.