ऑफिसचं खातं, घरचं खातं

ऑफिसने दिलेलं ईमेल खातं कंपनीच्या ताब्यात असतं. ॲडमिन पासवर्ड बदलू शकतो, खातं बंद करू शकतो. ऑफिसांसाठीच्या गूगल वर्कस्पेसमध्ये काढून टाकलेलं खातं ॲडमिनला फक्त २० दिवसांत परत आणता येतं. नोकरी सुटली की त्या पत्त्यावर येणारे बँकेचे, विम्याचे मेलही हाती लागत नाहीत. म्हणून काम आणि घर वेगळं ठेवताना हे लक्षात असू द्या:

• वैयक्तिक गूगल खातं: २ वर्षं न वापरल्यास गूगल काढून टाकू शकतं. ऑफिसच्या खात्यांना हा नियम नाही.

• वर्क प्रोफाइल: फोनमधला कामाच्या ॲपचा वेगळा कप्पा, अँड्रॉइड ५.० पासून (२०१४). कामाच्या ॲपच्या चिन्हावर छोटी ब्रीफकेस दिसते. फोन स्वतःचा असेल, तर कंपनीला या कप्प्याबाहेरचे फोटो, मेसेज दिसत नाहीत.

• व्हॉट्सॲप बिझनेस: २०१८ पासून. साध्या व्हॉट्सॲपचा नंबर इथे एकाच वेळी चालत नाही, दुसरा लागतो.