बिनतारी बोलणें : कायदा आणि शिष्टाचार

अलीकडे सुशिक्षित कुटुंबांत एक नवी वस्तु शिरूं लागली आहे. ती म्हणजे हातांत मावणारा बिनतारी संच, ज्याला सर्व जण वॉकीटॉकी म्हणतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या बाजूचीं मुलें मलंगगड किंवा चंदेरी चढावयास निघालीं, अथवा मोठ्या मंगलकार्यांत मांडव आणि मुदपाकखाना यांमध्यें निरोप पोंचवावयाचे झाले, कीं असे दोन संच आणविले जातात. किंमत थोडी आणि दिसावयास खेळणें. त्यामुळें घरांतील वडील मंडळीही फारशी चौकशी करीत नाहींत. पण तें खेळणें नव्हे. तें एक लहानसें प्रक्षेपण-केंद्रच आहे, आणि त्याला कायद्याची मर्यादा आहे, हें आम्ही वाचकांच्या नजरेस आणूं इच्छितों.

आमच्या पिढीला घरच्या रेडिओचा परवाना आठवत असेल. त्याची फी पोस्टांत जाऊन भरावी लागे. तो ऐकण्याचा परवाना केव्हांच रद्द झाला. प्रक्षेपणाचें बंधन मात्र राहिलें. १९३३ च्या बिनतारी कायद्यानें परवान्यावांचून असें यंत्र नुसतें बाळगण्यासही मनाई केली होती, आणि २०२३ सालीं संमत झालेल्या दूरसंचार कायद्यांतही अधिकृत परवानगीचें तत्त्व कायम आहे. सामान्य नागरिकासाठीं सरकारनें दोन दारें उघडलीं आहेत. २००५ सालीं २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा आणि २०१८ सालीं ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा पट्टा अल्पशक्तीच्या संचांना परवान्यावांचून खुला झाला. मात्र त्या संचाच्या नमुन्याला सरकारी मान्यता असली पाहिजे. बाजारांतील पुष्कळ स्वस्त संच नुसतीं बटणें दाबून पोलिस, रेल्वे किंवा अग्निशामक दलाच्या पट्ट्यांतही शिरूं शकतात. अशा संचाला ही सवलत लागू नाहीं. २०२५ सालीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ऑनलाइन विक्रेत्यांसाठीं मार्गदर्शक तत्त्वें काढलीं, तीं याच गैरप्रकारास आळा घालण्यासाठीं. तेव्हां विकत घेण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावे : हा कोणत्या पट्ट्यावर चालतो, आणि याला मान्यता आहे काय ?

कोणी म्हणेल, दोन मुलें डोंगरावर चार शब्द बोललीं, तर कोणाचें काय बिघडलें ? बिघडतें तें असें. या संचांत एका वेळीं एकानेंच बोलावयाचें असतें. दोघे एकदम बोलले, तर बहुधा बलवान् लहर दुबळीला पार झांकून टाकते, आणि झांकलें गेल्याचें दुबळ्याला कळतही नाहीं. आपल्या तिन्ही गांवांतून कर्जतचा लोहमार्ग जातो, आणि गाडीचा चालक व गार्ड यांचें बोलणें बिनतारी संचावर चालतें. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीच्या पुरामुळें महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान अडकली होती. सुमारें हजार उतारूंना होड्यांतून सुखरूप बाहेर काढावें लागलें. अशा दिवशीं मदतकार्यांतील एकादा निरोप कोणाच्या पोरकट गप्पांखालीं गाडला गेला, तर त्याचें मोल काय, हें सांगावयास नको.

कायद्याच्या आंत राहूनही शिष्टाचार उरतोच, कारण खुला पट्टा म्हणजे सामाईक पाणवठा. आधीं ऐकावें, कोणी बोलत असेल तर थांबावें. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून मग बोलावें, नाहीं तर पहिलें अक्षर गळतें आणि ‘नको’ चें ‘को’ होतें. प्रथम ज्याला हांक मारावयाची त्याचें नांव घ्यावें, मग आपलें. बोलणें संपतांच ‘ओव्हर’ म्हणून दुसऱ्यास वाट द्यावी. दोन संभाषणांच्या मध्यें थोडी उसंत ठेवावी, म्हणजे संकटांत सांपडलेल्यास तोंड घालतां येतें. घरचा पत्ता, पैशांची गोष्ट, घर रिकामें असल्याची वार्ता या संचावर कधींही बोलूं नये, कारण तो पट्टा कोणालाही ऐकूं येतो. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, असें म्हणतात. येथें ती काटकसर खरोखरच कामास येते.

ज्या मुलाला एवढ्यानें समाधान होत नसेल, त्याला आडवाटेस जाऊं न देतां हौशी बिनतारीच्या परीक्षेस बसवावें. वयाच्या बाराव्या वर्षापासून ती देतां येते. विषय म्हणजे विजेचें प्राथमिक ज्ञान आणि नियम. उत्तीर्ण झाल्यावर परवाना मिळतो आणि ‘व्ही. यू.’ नें आरंभ होणारी स्वतःची हांक-संज्ञा मिळते. माजी पंतप्रधान राजीव गांधी हेही असे परवानाधारक होते.

वैशेषिकांनीं शब्द हा आकाशाचा गुण मानला. आजचें पदार्थविज्ञान तसें मानीत नाहीं. पण आकाश सर्वांचें आहे, ही भावना धरून चालण्यास कोणतेंच शास्त्र आड येत नाहीं. पंगतींत वाढप सुरू असतां मध्येंच हात घालूं नये, हें आपण मुलांना न रागावतां शिकवितों. आतां त्याच रीतीनें बटण दाबण्यापूर्वीं ऐकावयास शिकवावें, इतकेंच आमचें सांगणें.