वेस्ट्रे-पापा वेस्ट्रे विमानमार्ग

नियमित प्रवासी वाहतुकीच्या मार्गांपैकी जगातील सर्वांत कमी लांबीचा विमानमार्ग. लांबी सु. २·७ किमी. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहात, कर्कवॉल या मुख्य गावापासून उत्तरेस सु. ४५ किमी. अंतरावर वेस्ट्रे (क्षेत्रफळ सु. ४७ चौ. किमी.; लोकसंख्या ५८८–२०११) व त्याच्या पूर्वेस पापा वेस्ट्रे (सु. ९ चौ. किमी.; ९०–२०११) ही बेटे आहेत. त्यांच्यामधील सागरी पट्टा अरुंद असला, तरी उत्तर अटलांटिकमधील वादळी हवेमुळे तो नावेने ओलांडणे नेहमीच शक्य होत नाही. या बेटांवरील विमानसेवा लोगनएअर कंपनीने १९६७ मध्ये सुरू केली.

दोन विमानतळांमधील अंतर पृथ्वीगोलावरील बृहद्‌वृत्ताच्या कंसावर मोजतात. येथे ते इतके अल्प आहे की, कंस व सरळ रेषा यांत व्यवहारतः फरक राहत नाही. प्रवासकाळ मात्र केवळ अंतरावरून काढता येत नाही. ताशी २४० किमी. वेगाने हे अंतर सु. ४० सेकंदांत तोडले जावे. परंतु उड्डाणानंतर वेग वाढविणे व उतरण्यापूर्वी तो कमी करणे यांतच बहुतेक मार्ग संपतो. त्यामुळे वेळापत्रकात सु. दोन मिनिटे धरलेली असून प्रत्यक्ष उड्डाण बहुधा दीड मिनिटाचे असते. विमाने वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उड्डाण करतात व तसेच उतरतात. वारा गंतव्य बेटाकडून येत असल्यास विमान सरळ जाऊ शकते; तो पाठीमागून असल्यास प्रथम उलट दिशेने उडून वळण घ्यावे लागते व काळ वाढतो. अनुकूल परिस्थितीत हे अंतर ५३ सेकंदांत पार केल्याचा विक्रम आहे.

या मार्गावर ब्रिटन-नॉर्मन आयलंडर ही दोन एंजिनांची लहान विमाने वापरण्यात आली. आइल ऑफ वाइट या बेटावर अभिकल्पिलेल्या या विमानाचे पहिले उड्डाण १९६५ मध्ये झाले. आखूड धावपट्टीवरून उडण्याची क्षमता, एकाच वैमानिकाकडून चालविता येण्याची सोय व सु. आठ प्रवाशांची जागा यांमुळे ते अशा बेटांस सोयीचे ठरले.

विक्रमाच्या कुतूहलाने पर्यटक येथे येत असले, तरी मार्गाचे खरे महत्त्व स्थानिक जीवनात आहे. शिक्षक, डॉक्टर व रुग्ण यांची ये-जा या विमानांतून होते. एवढ्या थोड्या प्रवाशांच्या भाड्यावर अशी सेवा चालू शकत नाही, म्हणून तीस सार्वजनिक निधीतून साहाय्य दिले जाते. पापा वेस्ट्रेची लोकसंख्या २००१ मध्ये अवघी ६५ होती. इतक्या लहान वस्तीस शिक्षण व वैद्यकीय मदत वेळेवर मिळणे हा बेटावर राहावे की ते सोडावे, असाच प्रश्न असतो. या मार्गाची उपयुक्तता त्यामुळे वाचलेल्या मिनिटांत नसून सेवेच्या नियमितपणात आहे.