केकताड एकदाच का फुलतं?

या रे पोरांनो, बसा इथं. आज केकताडाची गोष्ट. पुस्तकात त्याला घायपात म्हणतात. आपल्या बालाघाटाच्या माळावर, बांधाबांधानं ते उभं असतं. पानं सडवून, झोडून त्याचा वाख काढतात आणि दोर वळतात, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. पण ते फुलतं कसं, ते नीट पाहिलंय का कुणी?

वर्षानुवर्षं ते नुसती पानं वाढवतं. जाड, गराची, टोकाला दाभणासारखा काटा असलेली. दहा वर्षं जातात, कधी वीस-पंचवीस. मग एका वर्षी मधोमध दांडा निघतो आणि बघता बघता वीस फुटांवर जातो. पानांत साठवलेलं पाणी आणि साखर सगळी त्या दांड्यात ओतली जाते. पानं सुरकुततात, लोळतात. फुलोरा सरला की झाड मरतं. मागं राहतात ती बुंध्याशी फुटलेली पिल्लं. शेजारचा आंबा मात्र दरवर्षी, फार तर वर्षाआड मोहोरतो आणि आपल्या तीन पिढ्या बघतो. एकानं सगळं एकदम उधळायचं आणि दुसऱ्यानं जपून जपून द्यायचं, असं का?

या कोड्याच्या मागं पुण्याचा एक मुलगा लागला. माधव गाडगीळ, जन्म 1942. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांचा हा मुलगा लहानपणापासून पक्ष्यांच्या नादी लागलेला. पुढं अमेरिकेत हार्वर्डला गेला आणि सजीवांच्या प्रश्नांना गणित लावू लागला. 1970 साली त्यानं विल्यम बॉसर्ट यांच्याबरोबर एक निबंध लिहिला, तो जगभरचे शास्त्रज्ञ आजही वाचतात.

त्यातला विचार असा. घरात ज्वारीचं एकच पोतं आहे. त्यातली खायची किती आणि पेरायची किती? झाडापुढंही हाच हिशेब असतो. थोडं बी धरायला थोडीच ताकद लागत असेल आणि पुढं ताकद ओतूनही फळ त्या मानानं वाढत नसेल, तर झाड हात राखून खर्च करतं आणि पुढच्या वर्षाला जगतं. पण थोडक्या खर्चानं काहीच हाती लागत नसेल आणि सगळं पणाला लावल्यावरच घबाड मिळत असेल, तर एकदाच फुलून मरणं फायद्याचं ठरतं. पुढं विल्यम शॅफर यांनी अमेरिकेच्या रखरखीत मुलखातली घायपातं तपासली. परागकण वाहणारे कीटक उंच दांड्यांकडं जास्त जात होते. खुजा दांडा काढून उरलेली ताकद राखणाऱ्या झाडाच्या पदरात फारसं काही पडलंच नसतं!

गाडगीळ 1971 साली देशात परतले. तिकडं मोठी खुर्ची मिळाली असती, पण ते वा. द. वर्तकांबरोबर सह्याद्रीतल्या देवराया धुंडाळत हिंडले. मला त्यांची सगळ्यात आवडते ती बांबूची हकिकत. कर्नाटकात कागद कारखान्यासाठी बांबू तोडत, आणि बेटं खंगत चालली होती. दोष गावकऱ्यांवर आणि त्यांच्या गुरांवर ढकलला जात होता. गाडगीळ जंगलात गेले आणि गावकऱ्यांनाच विचारलं. ते म्हणाले, तोडायला सोपं जावं म्हणून बेटाच्या बुडाची काटेरी जाळी साफ करतात, तिथंच घात होतो. काट्यांच्या आत कोवळे कोंब सुरक्षित वाढतात. जाळी गेली की जनावरं ते फस्त करतात. गाडगीळांनी बेटं मोजून पाहिली, तर गावकऱ्यांचं म्हणणं खरं निघालं.

हार्वर्डचं गणित येणाऱ्या माणसानं गुराख्याच्या शब्दाला नोंदीचा मान दिला, हे मला फार मोठं वाटतं. त्यातूनच लोकांनी स्वतः लिहायच्या जैवविविधता नोंदवहीची कल्पना आकाराला आली. 2002 च्या जैवविविधता कायद्यानंतर ती गावोगाव आली. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिनं गावच्या लोकांना विचारून ही वही लिहावी, असा नियम आहे.

आपल्या जिल्ह्यात लिहायला काय कमी आहे? पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांसाठी अभयारण्य आहे, 1994 साली झालेलं. डोंगरउतारांवर सीताफळ आहे. पण मोर कुठं दिसला एवढं लिहून भागत नाही. लांडोर अंडी कुठल्या झुडपाखाली घालते, कोणत्या महिन्यात पाण्यावर येते, पाऊस ओढ देतो तेव्हा कुठं सरकते, हे लिहिलं पाहिजे. अशा नोंदी साठल्या म्हणजे दहा वर्षांनी कुणालाही गणित मांडता येईल: या ओढ्याचं पाणी आटलं तर मोर जातील कुठं?

आता अडचण ऐका. हे सगळं ज्यांना ठाऊक आहे ती अर्धी माणसं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मेंढपाळही कळप घेऊन बाहेर असतात. हिवाळ्यात पंचायतीत चार माणसं बसवून वही भरली, तर ती अर्धीच राहणार. म्हणून मी सरपंचांना सांगितलंय, वहीची बैठक गुढीपाडव्यानंतर, ऊसतोडीची माणसं गावात परतली की घ्या. बायकांना वेगळं बसवून विचारा. रानभाजी त्यांच्याइतकी कुणाला ओळखू येत नाही. आणि लिहायला तुम्ही यायचं. ज्यानं जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, आणि पुढं त्याचं नाव घालायचं.