धक्क्याची बोली (९) : उन्हाळी

सावद्याहून एक पत्र आलंय. केळीच्या गाड्या भरणाऱ्या टोळीचे मुकादम विचारतात, "पोरं म्हणतात उन्हाळी लागली. पण ही उन्हाळी दिवाळीतही लागते. असं कसं?"

नेमक्या जागी बोट ठेवलंत, मुकादमभाऊ.

भुसावळात मे महिन्यात पारा ४५ च्या वर चढतो. माल धक्क्यावर वाघीण रिकामी करणाऱ्या हमालाचं पाणी घामावाटे जातं, लघवीला आग होते. ही खरी उन्हाळी. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, ताक घेतलं की एक-दोन दिवसांत गडी पुन्हा पाठीवर पोतं घेतो. पण परमा या गुप्तरोगातही हीच आग होते. म्हणून चारचौघांत परम्याची उन्हाळी झाली आणि चट्ट्याची गरमी. ट्रकवाल्यांनी त्याच्याही पुढे मजल मारली : इंजिनाची गरमी अंगात शिरते, ती बाईकडे जाऊन उतरवावी लागते! शब्द अर्धा खरा आहे, म्हणूनच इतका टिकलाय.

घात होतो तो पुढे. सिफिलिसचा पहिला चट्टा सहसा दुखत नाही आणि औषध न घेताही ३ ते ६ आठवड्यांत भरून येतो. तोवर गड्यानं सब्जा खाल्लेला असतो, गुण सब्जाला जातो. रोग मात्र अंगातच राहतो. चट्टा उघडा असताना एचआयव्हीलाही आत शिरायला वाट मिळते. जुन्या वैद्यांनी निदान आडपडदा ठेवला नव्हता. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाशा'त सिफिलिसला सरळ फिरंगरोग म्हटलंय, गलबतांतून आलेल्या फिरंग्यांवरून.

सरकारी दवाखान्याचीही एक खुणेची भाषा आहे आणि ती मला फार आवडते. गुप्तरोगांच्या औषधांची ७ रंगांची पाकिटं : परम्याला राखाडी, चट्ट्याला पांढरं, जांघेतल्या बदेला काळं. हे रंग धक्क्यावर पोचायला हवेत. 'राखाडी हवंय' म्हणायला कुणाची जीभ अडखळणार नाही.

तर मुकादमभाऊ, भरपूर पाणी पिऊनही दोन दिवसांत आग थांबली नाही, पू आला, चट्टा दिसला किंवा जांघेत गाठ आली, तर उन्हाळी म्हणून सोडून देऊ नका. सरकारी रुग्णालयात औषध फुकट, एचआयव्हीची तपासणीही फुकट. तपासणीचं गुपित राखायचं बंधन २०१७ च्या कायद्यानं घातलंय. आधी नुसतं विचारायचं असेल तर १०९७ वर फोन लावा. जमलं तर पहिल्या खेपेला तुम्हीच सोबत जा.

आणि घरी बायकोलाही तपासणी, औषध लागतं, हे पोराला तिथंच सांगा. उन्हाळी म्हटलं की हे राहूनच जातं, कारण एकाची उन्हाळी दुसऱ्याला लागत नाही.