पेशीचे अंतरंग : शेतापासून आरोग्य केंद्रापर्यंत

कांद्याच्या फोडीवरील पातळ, पारदर्शक पापुद्रा काचपट्टीवर पसरून त्यावर आयोडिनच्या द्रावणाचा एक थेंब टाकला आणि ती काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर विटांच्या बांधकामाप्रमाणे एकमेकींना लागून असलेल्या लांबट चौकटी दिसू लागतात. प्रत्येक चौकटीत एक गडद ठिपका असतो. दुसऱ्या काचपट्टीवर स्वच्छ दातकोरणीने गालाच्या आतील बाजूचा अंश घेऊन त्यावर मिथिलीन ब्ल्यूचा थेंब टाकल्यास तेथे चौकटी दिसत नाहीत. अनियमित कडांचे पातळ व सुटे तुकडे दिसतात. मात्र त्यांतही तसाच एक गडद ठिपका असतो. कांदा आणि माणूस यांच्यातील साम्य आणि भेद या दोन काचपट्ट्यांवर एकाच वेळी पाहावयास मिळतात. चौकट म्हणजे वनस्पतीची पेशी, तुकडा म्हणजे माणसाची पेशी आणि ठिपका म्हणजे त्या दोहोंचे केंद्रक होय.

पेशी, किंवा काही ग्रंथांत जिला कोशिका म्हटले आहे ती, शालेय पाठ्यपुस्तकातील एक आकृती म्हणून बहुतेकांच्या स्मरणात असते. परंतु अतिसार झालेल्या बालकाला मीठ-साखरेचे पाणी का पाजावयाचे, पाणी भरपूर देऊनही खारवट जमिनीतील पीक का सुकते, विवाहापूर्वी सिकलसेलची तपासणी का करावयाची, या प्रश्नांची उत्तरे त्याच आकृतीत दडलेली आहेत. म्हणून पेशीचे घटक आणि त्यांची कार्ये यांची ओळख ही केवळ विद्यार्थ्यांपुरती मर्यादित बाब राहत नाही.

शोधाची वाटचाल

इंग्लंडमधील रॉबर्ट हूक यांनी १६६५ साली बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यातील पोकळ कप्प्यांना खोली या अर्थाचे नाव दिले. त्यांनी पाहिले ते मृत पेशींचे कोरडे कोष होते. जिवंत सूक्ष्मजीव हॉलंडमधील लेव्हेनहूक यांना त्यानंतरच्या दशकात दिसले. १८३१ साली रॉबर्ट ब्राऊन यांनी वनस्पतिपेशीतील केंद्रकास त्याचे नाव दिले. सर्व वनस्पती पेशींच्या बनलेल्या आहेत, असे श्लायडेन यांनी १८३८ मध्ये आणि प्राण्यांच्या बाबतीतही तेच सत्य आहे, असे श्वान यांनी १८३९ मध्ये प्रतिपादन केले. प्रत्येक पेशी ही आधीच्या पेशीपासूनच उत्पन्न होते, हा सिद्धान्त फिर्खो यांनी १८५५ मध्ये मांडला. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळे पेशीच्या पोटातील अतिसूक्ष्म घटक दृष्टीस पडले. या कार्याबद्दल क्लोद, द दूव्ह आणि पॅलेड यांना १९७४ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

सीमेवरील पहारा

वनस्पती असो वा प्राणी, प्रत्येक पेशीभोवती एक नाजूक आवरण असते. त्यास पेशीपटल म्हणतात. त्याची जाडी एका मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाहूनही कमी असते. स्निग्ध पदार्थांच्या दोन थरांचे हे पटल असून त्यात ठिकठिकाणी प्रथिने बसविलेली असतात. काय आत घ्यावयाचे आणि काय बाहेर टाकावयाचे, याचा निवाडा हे पटल करते. पाणी त्यातून जाऊ शकते. परंतु मीठ, साखर यांसारख्या पदार्थांना प्रथिनांच्या ठरावीक दारांतूनच प्रवेश मिळतो.

या दारांचे महत्त्व अतिसाराच्या वेळी प्रकर्षाने जाणवते. पटकी किंवा तीव्र अतिसार झाला म्हणजे आतड्यातील पेशींमधून क्षार व पाणी झपाट्याने बाहेर जाऊ लागतात. अशा वेळी नुसते पाणी किंवा नुसते मिठाचे पाणी पाजल्याने पुरेसा उपयोग होत नाही. परंतु आतड्यातील पेशींच्या पटलात सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीने आत घेणारे एक दार असते आणि या आजारातही ते बहुधा शाबूत राहते. मीठ व साखर योग्य प्रमाणात एकत्र दिली, की ती या दाराने आत जातात आणि त्यांच्या पाठोपाठ पाणीही आत येते. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी, १९७१ साली, पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी क्षार व ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात घालून रुग्णांना तोंडावाटे दिले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले.

आरोग्य केंद्रातून मिळणारी ओआरएसची पुडी हे त्याच ज्ञानाचे फळ आहे. पुडी उपलब्ध होईपर्यंत एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते पाणी बालकास थोडे थोडे पाजता येते. हे प्रमाण पाळणे अगत्याचे आहे. मीठ अथवा साखर अधिक झाल्यास उपायाचा अपाय होण्याचा संभव असतो.

केंद्रक आणि प्रथिननिर्मिती

पेशीपटलाच्या आत पेशीद्रव्य आणि त्यात केंद्रक असते. केंद्रकात गुणसूत्रे असतात. त्यांची संख्या प्रत्येक जातीत ठरलेली असते. माणसात ती ४६, भातात २४, ज्वारीत २० आणि कांद्यात १६ असते. गुणसूत्रांतील डीएनए हा धागा अतिशय लांब असतो. माणसाच्या एकाच पेशीतील हे धागे सरळ करून एकापुढे एक मांडले, तर त्यांची लांबी सुमारे दोन मीटर भरते. या धाग्यावर चार रासायनिक अक्षरांत जे लिखित असते, त्याचा एकेक परिच्छेद म्हणजे जनुक होय. कोणते प्रथिन कसे तयार करावयाचे याची आज्ञा सामान्यतः जनुकात असते.

मूळ लिखित केंद्रकाबाहेर जात नाही. त्याची नक्कल बाहेर पाठविली जाते. ती नक्कल वाचून प्रथिने जोडण्याचे काम रायबोसोम नावाचे सूक्ष्म कण करतात. या कणांची रचना उलगडण्याच्या कार्यासाठी भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ वेंकटरामन रामकृष्णन यांना अन्य दोघांसमवेत २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अनेक प्रथिने आंतर्द्रव्यजालिका या नलिकांच्या जाळ्यातून पुढे सरकतात. गॉल्गी काय या घटकात त्यांच्यावर अखेरचे संस्कार होतात आणि तेथून ती योग्य स्थळी रवाना होतात. प्राणिपेशीत टाकाऊ झालेल्या भागांचे विघटन करण्याचे काम लयकारिका करतात. वनस्पतींत असे बरेचसे काम रिक्तिकेकडे असते.

या साऱ्या व्यवहाराला लागणारी ऊर्जा तंतुकणिका पुरवितात. अन्नातील ग्लुकोजचे पेशीद्रव्यात अर्धवट विघटन झाल्यावर पुढील काम तंतुकणिकेत प्राणवायूच्या साहाय्याने पूर्ण होते आणि त्यातून पेशीला वापरता येईल अशा स्वरूपात ऊर्जा मिळते. हृदयाच्या स्नायूंसारख्या अखंड राबणाऱ्या पेशींत तंतुकणिकांची दाटी असते. या ठिकाणी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. प्राण्यांत तंतुकणिका आणि वनस्पतींत त्यांच्याऐवजी हरितलवके, अशी समजूत विद्यार्थ्यांमध्ये पुष्कळदा आढळते. ती बरोबर नाही. वनस्पतीही रात्रंदिवस श्वसन करतात आणि त्यांच्या पेशींतही तंतुकणिका असतात. हरितलवके हा त्यांचा अधिकचा ठेवा आहे.

वनस्पतिपेशीची तीन वैशिष्ट्ये

वनस्पतीला उन्हापावसात एकाच जागी उभे राहावे लागते आणि आपले अन्न स्वतःच तयार करावे लागते. त्यास अनुसरून तिच्या पेशीत तीन विशेष घटक आढळतात.

पहिला घटक म्हणजे पेशीभित्तिका. पेशीपटलाच्या बाहेर असलेली ही भिंत मुख्यतः सेल्युलोज या पदार्थाची असते. कांद्याच्या पापुद्र्यात दिसणाऱ्या चौकटी या भिंतींच्याच होत. विदर्भ, मराठवाडा व खानदेशातील शेतकऱ्याच्या घरात ही भित्तिका पांढऱ्याशुभ्र रूपात येते. कापसाचा प्रत्येक धागा ही सरकीच्या सालीवरील एकच पेशी असते. बोंडात वाढताना ती सुमारे अडीच ते तीन सेंटिमीटर लांब होते, तिच्या भिंतीवर आतून सेल्युलोजचे थर चढतात आणि बोंड उकलल्यावर पेशी वाळून केवळ भिंत शिल्लक राहते. अंगावरील सुती वस्त्र म्हणजे एक प्रकारे पेशीभित्तिकांचेच विणकाम होय.

दुसरा घटक म्हणजे हरितलवक. त्यातील हरितद्रव्य सूर्यप्रकाश शोषून घेते आणि त्या ऊर्जेच्या बळावर पाणी व कार्बन डाय-ऑक्साइड यांपासून शर्करा तयार होते. कांदा जमिनीखाली, अंधारात वाढतो. म्हणून त्याच्या पापुद्र्यातील पेशींत हरितलवके आढळत नाहीत. ती पाहावयाची असल्यास एखाद्या पाणवनस्पतीचे कोवळे पान घ्यावे.

तिसरा घटक म्हणजे रिक्तिका. नाव रिक्तिका असले, तरी ती रिकामी नसते. पूर्ण वाढलेल्या वनस्पतिपेशीचा बहुतांश भाग या पाण्याने भरलेल्या पिशवीने व्यापलेला असतो. रिक्तिका भरलेली असली, की ती भित्तिकेवर आतून दाब देते आणि पान ताठ राहते. ती आक्रसली, की पान माना टाकते.

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले, की थोड्याच वेळात पाणी सुटते, हा अनुभव घरोघरी आहे. बाहेर क्षारांचे प्रमाण अधिक झाल्यामुळे पेशींतील पाणी पटलावाटे बाहेर येते. हीच क्रिया खारवट जमिनीत मुळांच्या पेशींना छळते. उसासारख्या पिकाला प्रमाणाबाहेर पाणी दिले आणि निचऱ्याची व्यवस्था नसली, तर भूजलाची पातळी वर येते. पाण्याची वाफ होऊन जाते आणि क्षार मुळांच्या थरात साचतात. कृष्णाकाठच्या व कालव्यांखालील अनेक गावांना हा अनुभव आलेला आहे. जमिनीत ओल असते, पण मुळांच्या पेशींना ते पाणी ओढून घेता येत नाही. अशा वेळी आणखी पाणी देणे म्हणजे रोगाला खतपाणी घालणे होय. माती परीक्षण, चरांद्वारे पाण्याचा निचरा, ताग-धैंचा यांसारखी हिरवळीची खते आणि चोपण जमिनीसाठी तज्ज्ञांच्या सल्ल्याने जिप्सम, हे त्यावरील उपाय आहेत.

एका अक्षराची चूक

माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असाव्यात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यांपैकी बहुसंख्य पेशी रक्तातील तांबड्या पेशी होत. या पेशी हाडांतील मज्जेत तयार होतात. आरंभी त्यांना केंद्रक असते. परंतु प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनने त्या भरल्या, की केंद्रक बाहेर टाकले जाते. दोन्ही बाजूंनी खोलगट झालेली ही लवचिक चकती मग सूक्ष्म केशवाहिन्यांतूनही सहज सरकते आणि सुमारे १२० दिवस काम करते.

हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. तिच्या जनुकातील एकच रासायनिक अक्षर बदलले, की सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्याशा फरकामुळे प्राणवायू कमी पडताच हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दांडे बनतात आणि गोल चकतीचा आकार विळ्यासारखा होतो. अशा ताठर पेशी केशवाहिन्यांत अडकतात व लवकर नष्ट होतात. हातापायांत असह्य वेदना, रक्तक्षय, वारंवार होणारे जंतुसंसर्ग ही त्याची लक्षणे होत. हाच सिकलसेलचा आजार. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या जिल्ह्यांत आणि मेळघाटासारख्या भागात तो विशेषत्वाने आढळतो. तथापि तो केवळ आदिवासी समाजापुरता सीमित नाही.

प्रत्येकास या जनुकाची एक प्रत मातेकडून व एक पित्याकडून मिळते. दोन्ही प्रती सदोष असल्यास व्यक्ती रुग्ण होते. एकच प्रत सदोष असल्यास ती वाहक असते. तिची प्रकृती सामान्यतः निरोगी असते व तपासणीवाचून तिला आपली स्थिती कळत नाही. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गर्भारपणात अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्णतः निर्दोष असण्याची २५ टक्के असते. पहिले मूल निरोगी निपजले, म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही.

राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाला. आदिवासीबहुल भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी आणि २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन अशी उद्दिष्टे त्यात ठेवण्यात आली. हे काम केवळ प्रयोगशाळेच्या बळावर सिद्धीस जाणार नाही. रक्ताच्या एका थेंबाने निदान होते. पण तो थेंब देण्यासाठी गावाचा विश्वास लागतो. सिकलसेल हा स्पर्शाने पसरणारा रोग नव्हे, कोणाच्या कर्माचे फळ नव्हे आणि तो केवळ मातेच्या दोषामुळे होतो, हेही खरे नव्हे. वाहक असणे हा कलंक नाही. ती फक्त विवाहापूर्वी दोन्ही घरांनी विचारात घ्यावयाची माहिती आहे. रुग्णासही नियमित उपचार, भरपूर पाणी व वेळेवर वैद्यकीय मदत मिळाल्यास त्याचे जीवन पुष्कळ अंशी सुसह्य होते.

ज्ञानाचा उपयोग

पेशीच्या आकृतीतील नावे पाठ करून घेण्यापेक्षा शिक्षकांनी कांद्याचा पापुद्रा, मीठ लावलेली कैरी आणि कापसाचे बोंड वर्गात आणले, तर ती नावे विद्यार्थ्यांच्या मनात कायमची ठसतील. ग्रामसभेत ओआरएस, माती परीक्षण अथवा सिकलसेल तपासणी यांचा विषय निघेल, तेव्हा पंचायत सदस्य आणि अधिकारी यांना केवळ शासनाची सूचना आहे, एवढेच सांगून थांबण्याचे कारण नाही. त्या सूचनेमागील कारण त्यांना सांगता येईल, आणि कारण पटले म्हणजे माणसे आपण होऊन पुढे येतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या एका पटलाने, एका रिक्तिकेने किंवा एका अक्षराने माणसाचे व पिकाचे भवितव्य कसे ठरते, हे ज्या गावाला उमगले, त्या गावात बालक अतिसाराने दगावणार नाही, याची काळजी घरातूनच घेतली जाईल.